खात्री पटल्याशिवाय आकडा नाही

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी आमचं दुकान कधी नव्हे इतकं चाललं. उदगीरच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत रुखवताची भांडी, एरवी डबे, पातेली आणि कुकरच्या शिट्या, एवढाच धंदा. पण नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायला लागलं आणि लोकांना भांडी नकोशी झाली, ड्रम हवे झाले. दोनशे लिटरचे निळे प्लास्टिकचे ड्रम. टेम्पोतून माल उतरायच्या आत गिऱ्हाईक दारात उभं असायचं. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, याची इतकी लाज वाटायची की ड्रमची किंमत सांगताना ते आवाज खाली आणायचे.

"दुष्काळाचा पैसा घरात राहू नये," असं ते एकदा जेवताना म्हणाले, "पोरीच्या शिक्षणाला लागू दे." अव्वाला, म्हणजे आईला, तो पैसाही उदगिरात हवा होता आणि पोरगीही.

मी परभणीला अन्नतंत्रज्ञान शिकले होते आणि पुढच्या शिक्षणासाठी मला जर्मनीत प्रवेश मिळाला होता. तिथं फी जवळजवळ नव्हती. पण वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच तिथल्या बँकेत भरून दाखवायचे होते. आमच्या उदगीरच्या शाखेतल्या साहेबांनी परदेशात पैसे पाठवायचा फॉर्म आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी आम्हाला लातूरला धाडलं. लातूरला एक सही राहिली म्हणून पुन्हा उदगीर, मग पुन्हा लातूर. तीन आठवड्यांत आम्ही बापलेक एसटीनं पाच वेळा गेलो-आलो. प्रत्येक फेरीला अप्पा खिडकीबाहेर बघत एकच वाक्य म्हणायचे, "उदगीर जिल्हा झाला असता तर ही पायपीट नसती." उदगीर जिल्हा होणार ही बातमी आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी येते आणि अप्पा दर वेळी पेढे आणतात. त्या वर्षीही आणले होते. पेढे संपले, जिल्हा काही झाला नाही.

पैसे एकदाचे गेले. हाताशी राहिलं ते माझं इथल्या खात्याचं कार्ड आणि त्यात वरखर्चाला ठेवलेली थोडी रक्कम. कार्डानं पैसे भरायचे तर बँक मोबाईलवर सहा आकडे पाठवणार, ते दहा मिनिटांत टाकायचे. तो मोबाईल नंबर माझा, उदगीरचा. परदेशात तो चालू ठेवायचा तर खर्च डोळे पांढरे करणारा. तेव्हा सगळ्यांनी शहाणपणा सांगितला की सिम घरीच ठेव. म्हणून ते मी अप्पांच्या बटणांच्या फोनात दुसरं सिम म्हणून घालून दिलं. आता कार्ड माझ्या पर्समध्ये आणि त्याची किल्ली अप्पांच्या बंडीच्या खिशात, असा कारभार झाला.

त्याच सुमारास आमच्या मागच्या गल्लीतल्या एका कापड दुकानदाराला फोनवर गंडा बसला. फोन करणारा रडत होता, पुण्याला शिकणाऱ्या मुलाचा आवाज काढून. अपघात झालाय, बँकेचे आकडे सांगा. बापानं सांगितले आणि खातं धुऊन निघालं. गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मला अप्पांची धास्ती वाटली. जाण्याच्या आदल्या दिवशी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलं, "फोनवर आकडे कुणालाही सांगायचे नाहीत. बँकेचा माणूस असला तरी नाही. माझ्या नावानं कुणी मागितले तरी आधी खात्री करायची." तो कागद घरात फोन ठेवायच्या कोनाड्यावर चिकटवला. खात्री कशी करायची, हे मात्र लिहिलं नाही. एवढी मी हुशार.

जर्मनीत पोचले आणि कळलं की माझा पैसा तिथल्या बँकेत आहे, पण कुलूपबंद आहे. कुलूप उघडायला राहत्या घराचा पत्ता लागतो. पत्ता मिळायला खोली लागते. खोली मिळायला अनामत लागते. आणि अनामत भरायला पैसा लागतो, तो कुलपात. मी अकरा दिवस हैदराबादच्या एका मुलीच्या खोलीत जमिनीवर झोपत होते. ती बिचारी भली होती, पण तिच्या घरमालकिणीनं मला दोनदा जिन्यात अडवून विचारलं होतं की पाहुणी अजून किती दिवस. तिसऱ्यांदा ती विचारणार नव्हती, बाहेर काढणार होती.

बाराव्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातून निरोप आला. खोली आहे, दुपारी बारापर्यंत कार्डानं अनामत भरा, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. मी मैत्रिणीच्या संगणकावर कार्डाचा नंबर टाकला आणि तिच्याच फोनवरून नेटनं उदगीरला फोन लावला. तिकडे दुपारचे पावणेतीन वाजले होते. अप्पा उन्हाच्या वेळी दुकान ओढून घेऊन घरी जेवायला येतात.

"अप्पा, आता एक मेसेज आला असेल. त्यातले सहा आकडे वाचा बरं."

पलीकडून अप्पांचा दुकानातला, गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज आला. "आपण कोण बोलून राहिलात?"

"अप्पा, मी!"

"मी म्हंजे कोण, बाई?"

मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "नाव कुनाला ठाऊक न्हाई? हा नंबर आमच्या पोरीचा न्हाई." खरंच होतं ते. तोवर मी दोनदाच फोन केला होता आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या नंबरवरून.

"आवाज ओळखू येत नाही का माझा?"

"आवाज तर तिचाच वाटून राहिला," अप्पा शांतपणे म्हणाले, "पन मागल्या गल्लीतल्या त्या मानसालाबी पोराचाच आवाज वाटला होता. आमच्या पोरीनं लिहून ठिवलंय, खात्री झाल्याबिगर आकडे सांगायचे न्हाईत. तुम्ही राग मानू नका."

जन्मदाता बाप मला 'तुम्ही' म्हणत होता. हसू का रडू कळेना. पहिल्या आकड्यांची दहा मिनिटं यातच गेली. मी दुसऱ्यांदा आकडे मागवले आणि म्हटलं, विचारा काय विचारायचं ते, पण लवकर, आकडे दहाच मिनिटं चालतात.

त्यांनी विचारलं, दुकानासमोर काय आहे. रसवंती, मी म्हणाले. ते म्हणाले, हे तर बसमधून जाणाराही सांगेल. अव्वा सोमवारी काय खाते? उपवास असतो, संध्याकाळी पूजा झाल्यावर भगर. "ते गल्लीला ठाऊक हाय." मी लहानपणी कशावरून पडले, मला दहावीला किती मिळाले, आमच्या मांजरीनं कुठं पिल्लं घातली, मी धडाधड सांगत सुटले. प्रत्येक उत्तर बरोबर होतं आणि प्रत्येक उत्तर निम्म्या उदगीरला माहीत होतं. आमच्या गावात गुपित ठेवायला जागाच नसते. मागे अव्वाचा आवाज येत होता, "अहो, तीच हाय ती, द्या की." आणि अप्पांचं उत्तर, "तू थांब. ह्या लोकांना सगळी माहिती असती." अप्पांना एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर असतो.

दुसरे आकडेही फुकट गेले. संगणकावर लाल अक्षरं आली, ही शेवटची संधी, यानंतर कार्ड बंद होईल. बाराला वीस मिनिटं होती.

मला एक गोष्ट आठवत होती, जी गल्लीला ठाऊक नव्हती. फक्त अप्पांना आणि मला. ती अव्वासमोर बोलायची नव्हती आणि अव्वा फोनपासून हातभर अंतरावर बसली होती.

गोष्ट अशी. मी जायच्या आठ महिने आधी मला नांदेडचं एक स्थळ आलं होतं. आपल्यातलंच, मोठं अडतीचं दुकान, बिलोलीकडं जमीन. येऊन बघून गेले आणि नंतर काही कळवलंच नाही, असं अप्पांनी घरात सांगितलं. अव्वानं ते मनाला फार लावून घेतलं. माझ्यात काय कमी आहे, रंग की वय, हे ती माझ्याकडे न बघता मोजत बसायची. नातेवाइकांच्या लग्नांना जायची बंद झाली. कुणी विचारलं की तिची मान खाली. खरी हकिकत अप्पांनी मला लातूरहून परत येताना एसटीत सांगितली होती. नांदेडवाल्यांचा होकार आला होता. फक्त पुढचं शिक्षण बास, परदेश तर नाहीच, एवढी अट होती. अप्पांनी घरात कुणाला न विचारता परस्पर नकार कळवला. अव्वाला कळलं असतं तर तिनं अन्नपाणी सोडून ते लग्न लावलं असतं, म्हणून तिला उलटं सांगितलं. "तुझ्या आईला बोलू नको," ते म्हणाले होते, "घरात बसनं मुश्किल व्हईल."

आणि मी बोलले नाही. आपल्या लेकीला लोकांनी नाकारलं हे दुःख अव्वा आठ महिने वाहत होती, मला दिसत होतं, आणि मी गप्प बसले. कारण मला जायचं होतं.

तिसऱ्यांदा आकडे मागवले. मी मान्य करते, त्या दिवशी मी बोलले ती खोलीसाठी बोलले, अव्वासाठी नाही.

"अप्पा," मी म्हणाले, "तुम्ही एसटीत मला सांगितलं होतं. नांदेडच्या लोकांनी हो म्हटलं होतं. नाही आपण म्हटलं होतं."

फोनमध्ये पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग अप्पांचा आवाज आला, एकदम वेगळा, पडलेला. "माय, हे आता कशाला काढलीस गं?"

'तुम्ही' गेलं होतं, 'माय' आलं होतं. खात्री पटली होती. पण आकडे काही येईनात, कारण आता अव्वा बोलत होती.

"म्हंजे त्यांनी नाकारलं न्हाई?"

अप्पा उगाच फोनची बटणं दाबत असल्याचे आवाज आले.

"मी इचारून राहिले. त्यांनी न्हाई नाकारलं पोरीला?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "मी नाकारलं त्यांना. तुला सांगायला पायजे होतं. चुकलंच माझं."

माझ्यासमोर पडद्यावर सेकंद उतरत होते आणि मला 'अव्वा, आधी आकडे' म्हणायचं धाडस होत नव्हतं. मला वाटलं आता ती रडेल, किंवा ताट सरकवून उठून जाईल. ती पुटपुटली, "आपन नाकारलं." जरा थांबून पुन्हा तेच म्हणाली, पण या वेळी सावकाश, चव घेतल्यासारखं. "आपन नाकारलं नांदेडवाल्यांना." मग तिचा आवाज एकदम चढला. "अन् तुम्ही मला आठ महिने मान खाली घालून हिंडवलं? तुमच्याकडं बघते मी नंतर. आधी तिला आकडे द्या. तिचं घड्याळ चाललंय."

अप्पांनी चष्मा शोधला. तोही अव्वानंच शोधून दिला असावा. "चार," ते वाचू लागले, "पूज्य. नऊ. नऊ. दोन. सात." मी टाकत गेले. चक्र फिरलं, फिरत राहिलं आणि हिरवी खूण आली. बाराला सहा मिनिटं होती. मैत्रिणीनं मला तिच्या भाषेत काहीतरी म्हणत मिठीच मारली.

"झालं," मी म्हणाले. "खोली मिळाली."

"कशी हाय खोली?" अव्वानं विचारलं. फोन आता तिनं स्वतःच्या हातात घेतला असणार, कारण आवाज जवळून येत होता. मी सांगितलं, लहान आहे, खिडकी आहे, एक टेबल आहे. मी अजून ती पाहिलीही नव्हती, मेलमध्ये लिहिलेलं वाचून दाखवत होते. मला तिची माफी मागायची होती आणि मी टेबलाबद्दल सांगत होते.

"नळ हाय का?"

"आहे. खोलीतच आहे."

"पानी कितव्या दिवशी येतं?"

"रोज, अव्वा. दिवसभर. कधीही सोडलं की येतं."

त्या दिवशी आमच्या नळाला सतरावा दिवस होता.

"मग ह्यांनी नांदेडला न्हाई म्हनलं," अव्वा म्हणाली, "ते बरं केलं."