दुसऱ्याची तार

सिडकोतल्या आमच्या गल्लीत केबलवाला एकच. नाव कधी विचारलं नाही, पण त्याचा खाक्या पाठ होता: नेट हवं तर टीव्हीसकट घ्या, नाहीतर राहू द्या. दुसरी कंपनी येताच मी त्याला सोडलं.

पुढे परदेशातल्या ताईचं बाळ आईला कॉम्प्युटरवर पहिल्यांदा दिसणार, त्याच सकाळी नवी लाइन बंद. कंपनीत कुणी फोन उचलेना. तो जुना केबलवाला शेजारच्या गच्चीवर काम करत होता. आईने कठड्यावरून त्याला सगळं सांगितलं. तो इकडे आला, दातांनी टेप तोडून तुटलेली तार जोडू लागला.

मी ओशाळून म्हणालो, "अहो, ही तुमची लाइन नाही."

"तार त्यांची हाय. बाळ तर तुमचंच ना?"

चित्र आलं. आईने त्याला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर नेलं आणि बाळाला म्हणाली, "बघ रे, हा तुझा दुसरा मामा."