जयाच्या नावाचा पास

२०१६च्या मार्चपासून जयाला कुठं बसवत नव्हतं. सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये सकाळचा चहा ती उभ्यानंच घ्यायची. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, सीट रिकामी असली तरी दाराशी उभी राहायची. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना तीनदा फोन बघायची. उल्हासचा मेसेज नसला की हायसं वाटायचं, आणि पाच मिनिटांत फोन पुन्हा हातात यायचा.

उल्हास, तिचा नवरा, तांजोंग पगारच्या एका कंपनीत होता. समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटी ही कंपनी चालवायची आणि त्यांच्या इंजिनांची देखभाल उल्हासकडे होती. तेलाचे भाव कोसळले, बोटी नांगर टाकून उभ्या राहिल्या, आणि ऑफिसात दर शुक्रवारी एकेकाला आत बोलावणं यायला लागलं.

जयाची भीती दुहेरी होती. पुण्यात ती सहा वर्षं फिजिओथेरपिस्ट होती. इथं आल्यावर दोन वर्षं घरी काढून, परीक्षा देऊन, तिनं ही नोकरी मिळवली होती. पण तिला इथं काम करता येत होतं ते उल्हासची बायको म्हणून. त्याचा पास, म्हणजे इथं राहून नोकरी करायचा परवाना, गेला की तिचं कामही गेलं.

त्याच महिन्यात तिच्याकडे मिसेस हास्केल आल्या. वय एक्याण्णव, अमेरिकन, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. त्यांची मुलगी सिंगापूरमध्ये शिक्षिका होती आणि म्हातारी आई तिच्याजवळ राहत होती. पहिल्याच दिवशी बाईंनी वॉकर बाजूला ढकलला आणि बिस्किटाचा रिकामा कागद मात्र नीट घडी घालून खिशात ठेवला.

"फेकून देऊ का?" जयानं विचारलं.

"का? फाटलाय का?"

जयाला वाटलं, चिक्कू बाई दिसते. पण चालताना बाई बोलायच्या, आणि बोलण्याच्या नादात चार पावलं जास्त टाकायच्या, म्हणून जया विचारत राहिली. बाईंच्या लहानपणी मंदी आली आणि वडिलांचा विटांचा कारखाना बंद पडला. आई पिठाच्या पोत्यांचे फ्रॉक शिवायची. गावातल्या सगळ्याच मुलींच्या अंगावर तेच कापड, म्हणून कुणाला लाज वाटायची नाही. मग पिठाच्या कंपन्याच पोत्यांवर फुलं छापायला लागल्या.

"फुलं बघून आईला आनंद झाला," बाई म्हणाल्या. "बाबांना नाही झाला. ते म्हणाले, म्हणजे हे लवकर संपत नाही."

पुढं युद्ध सुरू झालं. पुरुष लढायला गेले आणि अठरा वर्षांची ही पोरगी कॅलिफोर्नियातल्या गोदीत वेल्डर झाली. शेजारी लुसिल नावाची काळी मुलगी काम करायची. दोघींनी मिळून किती जहाजं जोडली याचा हिशेब बाईंना अजून तोंडपाठ होता.

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी उल्हास दुपारी तीनलाच घरी आला. जया त्या दिवशी सुट्टीवर होती. त्यानं बूट काढले, ते नीट लावून ठेवले आणि म्हणाला, "झालं."

देश सोडायला तीस दिवस होते. तो विचित्र शांत होता. "पुण्यात फ्लॅट आहे. आईबाबा आहेत. आपल्या इराला तिथल्या शाळेत घालू. एवढं काही आभाळ कोसळलेलं नाही."

"आणि माझं?"

"तुझं काय? तुला कुठंही काम मिळेल."

तो वाईट बोलला नव्हता. जयानं वाळत घातलेले कपडे आत आणले, ते ओलेच होते म्हणून पुन्हा बाहेर घातले.

सोमवारी मिसेस हास्केलना चालवताना तिचं लक्ष नव्हतं. बाई मध्येच थांबल्या. "आज तू माझी पावलं मोजत नाहीयेस."

जयानं पेशंटला घरचं कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

बाई बाकावर बसल्या. "पंचेचाळीस साली युद्ध संपलं आणि आमच्या हातात चिठ्ठ्या दिल्या. पुरुष परत येताहेत, तुम्ही घरी जा. लोक म्हणतात, युद्धानं बायकांना दार उघडून दिलं. तेव्हा माणसं कमी पडत होती, एवढंच."

"मग तुम्ही काय केलंत?"

"घरी गेले. लग्न केलं. सरकारनं परत आलेल्या सैनिकांना कॉलेजात पाठवलं, घरांसाठी मदत केली. माझा नवरा शिकला, आम्हाला नवीन वस्तीत घर मिळालं. लुसिलचा नवराही लढलाच होता. त्या वस्तीत काळ्यांना घर देत नव्हते. मला ते माहीत होतं. मी पडदे शिवत बसले."

बाईंनी वॉकर जवळ ओढला. "लुसिल मात्र चिठ्ठी घेऊन मुकादमाकडे गेली होती. म्हणाली, मला काम येतं, मला ठेवा. नाही ठेवलं. पण मी तर विचारलंसुद्धा नाही. मला नाही म्हणायचीही कुणाला गरज पडली नाही."

मग त्या स्वतःच वॉकर धरून उठल्या. जयाला त्यांच्या मागं धावावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत जया विभागप्रमुख मिस क्वेककडे गेली. आत जाण्याआधी दोनदा दारावरून परतली. माझ्या नावानं पास काढाल का, एवढंच तिला विचारायचं होतं. ते तिनं उभ्याउभ्याच विचारलं. मिस क्वेकनं चष्मा वर केला. "तू आधी का नाही सांगितलंस? खात्री देत नाही. अर्ज करू."

घरी हे ऐकून उल्हासचा चेहरा उतरला. "मला न विचारता?"

"तू पुण्याचं ठरवताना मला विचारलंस?"

"आणि मी काय करू? तुझ्या पासवर बसू?"

तेही शक्य नव्हतं. तिच्या पगारात नवऱ्याला पास मिळत नव्हता. हे जयानं आधीच पाहून ठेवलं होतं आणि त्याला सांगायचं टाळलं होतं. आता सांगितलं. बारा वर्षांची इरा दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"डोन्ट फाइट लाह," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. "मी कुठे राहणार ते आधी सांगा."

ते तीन आठवडे जयानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. अर्जाचं पान ती दिवसातून वीस वेळा उघडायची. दरम्यान उल्हासच्या जुन्या मित्राचा, निशिकांतचा, मुंबईहून फोन आला. एका मालवाहू जहाजावर इंजिनियर हवा होता. इराच्या जन्मानंतर उल्हासनं जहाज सोडलं होतं, ते पुन्हा धरायचं होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं जुनी प्रमाणपत्रं काढून टेबलावर पसरली.

उल्हासचे सहा दिवस उरले असताना जयाचा पास मंजूर झाला. मागोमाग इराच्या शाळेच्या वेगळ्या पासचंही झालं. जहाजाच्या नोकरीवर निघताना चांगी विमानतळावर उल्हासनं मुलीला जवळ घेतलं आणि जयाला म्हणाला, "अभिनंदन म्हणायचं राहिलं होतं." आवाज सरळ होता. परतीच्या वाटेवर जया एमआरटीतून चुकीच्या स्टेशनवर उतरली.

मिसेस हास्केल मे महिन्यात काठी घेऊन चालायला लागल्या आणि जूनमध्ये मुलीबरोबर अमेरिकेला परत गेल्या. पुढं त्यांचं काय झालं ते जयाला कळलं नाही.

दोन वर्षं गेली. जयाच्या पासची मुदत वाढवून मिळाली, तिच्या हाताखाली तिघीजणी आल्या. उल्हास सहा-सहा महिने समुद्रावर असायचा, सुट्टीत पाहुण्यासारखा सिंगापूरला यायचा आणि पहिले दोन दिवस नुसता झोपायचा. इरा त्याच्याशी जरा जपून बोलायची.

२०१८च्या एका रविवारी तिघं सेंबावांगच्या किनाऱ्यावर गेली. इरा पाण्याजवळ उतरली. उल्हासनं समोरच्या गोदीकडे बोट केलं. "बोटी परत हलायला लागल्यात. जुन्या ऑफिसातून विचारणा झालीय मला. आलो तर पुन्हा तुला माझ्यावर पास मिळेल, दर दोन वर्षांनी ही धाकधूक नको."

जयाला आनंद झाला. तो येणार म्हणून खरंच झाला. तरी ती वाळूतून उठून उभी राहिली.

"तू ये," ती म्हणाली. "मी माझ्याच पासवर राहीन."

तो हसला. मग ती हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. गार वारं सुटलं होतं, इरा खालून दोघांना हाका मारत होती.

"बरं," उल्हास म्हणाला आणि तोही उठला.