गावभर वाटलेलं कल्चर

"हे कल्चर तुमच्याशिवाय आणखी कुणाकडे आहे का?" कंपनीच्या बिझनेस हेडनी सहज विचारलं.

कोरीट गावात हर्षलच्या मिरचीचा ट्रायल प्लॉट बघून आम्ही त्याच्या ओट्यावर टेकलो होतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या त्याच्या आईनेच सांगून टाकलं, "आख्खा गावकडे शे ना."

बिझनेस हेडनी नुकताच हातात घेतलेला कप खाली ठेवला.

माझं काम नवख्या बायोटेक कंपन्यांसाठी बोलणी करण्याचं. प्रॉडक्ट लॅबमधून धड बाहेरही आलेलं नसतं, तेव्हाच मोठी कंपनी गाठून करार जुळवायचा. हर्षलचं कल्चर म्हणजे मिरचीची मर, म्हणजे रोपं वाळवणारा रोग, रोखणारी एक उपकारक बुरशी. मोठ्या कंपनीला हवं होतं एक्सक्लुझिव्ह लायसन्स, म्हणजे ती बनवायचा आणि विकायचा हक्क फक्त त्यांना. करार फिसकटला तर हर्षल चार वर्षांची लॅब बंद करून वापीच्या केमिकल कंपनीतली जुनी नोकरी धरणार होता. आणि कंपनीच्या फॉर्मवर 'कल्चर इतर कुणाकडे?' या प्रश्नापुढे 'नाही' असं मीच लिहिलं होतं. त्याला न विचारता. लॅबमधली वस्तू बाहेर कोण वाटतं, हा माझा शहाणपणा.

सोबत आलेले कंपनीचे वकील म्हणाले, "सगळ्यांकडून परत घ्या, नष्ट करा. मग पुढचं बोलू."

"परत मांगानं?" हर्षलच्या आईला, आमच्या मावशींना, कळेचना. "कोनी विरजन मांगाले उनं त नही कसं म्हनानं? तसंच दिधं मी. गूळना पानीमा वाढस ते."

मी हर्षलला बाजूला घेतलं. "दोन-चार घरांतच आहे, असं सांगता येईल का?" आज लाज वाटते, पण असं विचारलं मी.

"भाऊ, मायले खोटं बोलाले लावू नका," तो हळूच म्हणाला. "मी वापीले जासू."

आम्ही ओट्यावर परत आलो. फॉर्मवरची चूक माझी आहे, हे आधी कबूल केलं. मग काहीतरी विचारायचं म्हणून मावशींना विचारलं, "शेजाऱ्यांकडचं किती दिवस चालतं?"

"चार-पाच येळा वाढवं का मंद पडस. मंग परत मन्हाकडेच येतस."

तिथे माझी ट्यूब पेटली. घरच्या ड्रममध्ये इतर जंतू शिरतात आणि बुरशी दुबळी होते. शुद्ध राहते ती हर्षलच्या लॅबमध्ये, आणि कडक उन्हाळ्यात जगते ती त्याने बनवलेल्या पावडरमध्ये. "हक्क या दोन गोष्टींवर घ्या," मी बिझनेस हेडना म्हणालो. "गावाने आपल्या शेतापुरतं वापरावं, विकू नये. आणि गावभरच्या शेतांत हे कसं चाललंय ते फुकट बघून घ्या."

बिझनेस हेड हसले नाहीत, पण चहा संपवून शेजाऱ्यांची शेतं बघायला उठले.

पुढे पुष्कळ ईमेल झाले. आगाऊ रक्कम कमी झाली, ती माझ्या त्या 'नाही'मुळे. हर्षलने मला एका शब्दाने बोल लावला नाही, ते जास्त लागलं. गावाच्या वापराचं कलम मात्र राहिलं, आणि हर्षल वापीला गेला नाही.

सहीच्या दिवशी हर्षलच्या घरी वकील बोलता बोलता म्हणाले, घरच्या कुंडीतली मिरची सारखी वाळते. मावशींनी आतून एक बाटली भरून आणली. ज्यांनी सगळं नष्ट करा म्हटलं होतं, त्यांनीच ती निमूट बॅगेत ठेवली.

हल्ली फॉर्म भरण्याआधी मी फाउंडरच्या घरी चहा घेतो, तोही त्याची आई घरी असताना.