जिवंत मित्राला दिलेले तिलोदक

जो मनुष्य नेमाने श्राद्धपक्ष करतो तो भुताखेतांवरही विश्वास ठेवीत असणार, असे लोक गृहीत धरतात. माझ्या बाबतीत तसे नाही. चाळीस वर्षे मी संस्कृत शिकवले, आजही पहाटे संध्या करतो, पितरांना पाणी देतो. पण झपाटणे, दिसणे, मागे लागणे असल्या कथा कोणी सांगू लागला की मी विषय बदलत असे. या सदरातले अनुभवही मी आजवर करमणूक म्हणूनच वाचले. आज स्वतः लिहायला बसलो आहे ते कोणाची करमणूक व्हावी म्हणून नव्हे. माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती जिला सांगायला हवी होती तिला मी अजून सांगितलेली नाही.

माझे वय शहात्तर. सदाशिव पेठेतली जागा सोडून गेली सहा वर्षे मी मुलाकडे बिबवेवाडीत राहतो. गुडघे अगदीच साथ देईनात तेव्हा डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितले. घरापासून दहा मिनिटांवर सार्वजनिक क्रीडा संकुल आहे. वर बॅडमिंटनचे हॉल, खाली छपराखालचा पोहण्याचा तलाव, आणि सकाळी दहा ते अकरा ज्येष्ठ नागरिकांची बॅच. पहिल्या दिवशी मी शेंडी रबरी टोपीत कोंबत होतो, तेव्हा बॅचमधले कुलकर्णी म्हणाले, "शास्त्रीबुवा, ती बाहेर राहू द्या. बुडलात तर धरायला बरी पडेल."

मला पोहता येत नाही. कठड्याची दांडी धरून मी पहिले चार दिवस नुसता उभा राहिलो. पाचव्या दिवशी शेजारून आवाज आला,

"काऊन जी गुरुजी, पाण्याले भेता का?"

ते तुळशीरामजी. यवतमाळकडचे. तरुणपणी नोकरीसाठी पुण्यात आले आणि एका कारखान्यात लेथ मशीनवर आयुष्य काढून निवृत्त झाले. हाताचा पंजा असा, की माझे दोन्ही हात त्यात मावावेत.

"भीती नाही," मी म्हणालो, "सवय नाही."

"तेच तं. सोडा ती दांडी. मी हावो न."

त्या दिवसापासून जवळजवळ दीड वर्ष आम्ही दोघे हात धरून त्या तलावात चाललो. ते मला त्यांच्या मशीनच्या गोष्टी सांगत, मी त्यांना पुराणातल्या. एखादी कथा फारच ताणली गेली की ते म्हणत, "गुरुजी, हे जरा जास्तच होऊन राहिलं." मला आयुष्यात विद्यार्थी पुष्कळ मिळाले, मित्र मात्र फार थोडे, आणि उतारवयात मिळालेला हा एकच.

ते मला घरी बोलावत. "एकडाव या ना. बुढी पिठलं-भाकर करते. तिले पाहाचे हायेत तुमी." पाण्याच्या टाकीमागची तिसरी गल्ली, खाली शिलाई मशीनचे दुकान, पत्ता त्यांनी मला दहा वेळा सांगितला असेल. मी दर वेळी म्हणे, "पुढच्या आठवड्यात नक्की." खरे कारण लिहितो. मी बाहेर अन्न घेत नाही, पाणीही घेत नाही. वडिलांपासून चालत आलेला नियम. पन्नास जणांच्या अंगावरून गेलेल्या पाण्यात मी रोज तासभर उभा राहत असे, आणि मित्राच्या घरचे पेलाभर पाणी मात्र मला चालत नव्हते. ही विसंगती मला तेव्हा दिसली नाही असे नाही. दिसली; मी तिच्याकडे पाहिले नाही.

श्रावण संपता संपता ते यायचे थांबले. मला वाटले, गावी गेले असतील. गणपती झाल्यावर कुलकर्णींनी बातमी आणली, "अहो, तुमचे ते तुळशीराम वारले. त्यांच्या गल्लीतल्या भाजीवाल्यानेच सांगितले. ॲम्ब्युलन्समधून नेले, ते परत काही आलेच नाहीत." आम्ही बॅचचे अकरा जण काठावर दोन मिनिटे उभे राहिलो. कोणी त्यांच्या घरी गेले नाही. मी जायला हवे होते. पण बोलावले तेव्हा गेलो नाही, मग आता कोणत्या तोंडाने जावे, या लाजेने मी घरीच बसलो.

...आणि मग मला सोपा मार्ग सुचला. सर्वपित्री अमावास्येला तर्पण करताना आप्तांनंतर गुरू आणि मित्र यांनाही पाणी देतात. आईवडील, काका, मामा, माझे गुरुजी, सर्वांची नावे झाली. मग मी काळे तीळ हातावर घेतले आणि तुळशीरामजींचे नाव उच्चारले. गोत्र ठाऊक नव्हते. ठाऊक नसेल तेथे काश्यप म्हणतात, तसे म्हटले. अंगठ्याच्या बाजूने तीन वेळा पाणी सोडले. दुपारचे बारा वाजत आले होते. मन एकदम हलके झाले. आज मला त्या हलकेपणाचीच सर्वांत जास्त लाज वाटते.

त्यानंतर दोन दिवसांनी, नवरात्राच्या दुसऱ्या माळेला, मी तलावावर गेलो. गर्दी नव्हती. दांडी धरून चालू लागलो, तोच माझा डावा हात कोणीतरी धरला. तो पंजा मी ओळखला... आणि मगच मान वळवली.

तुळशीरामजी होते. नेहमीसारखे छातीभर पाण्यात, डोक्यावर टोपी नाही, केस कोरडे.

"काऊन असे पाहून राहिले, गुरुजी?"

मी विचारले, "आपण... कसे आहात?"

"मस्त हावो. पण हे पाहा न." त्यांनी उजवा तळहात पाण्याबाहेर काढून माझ्यापुढे धरला. ओल्या तळव्याला चार-पाच काळे तीळ चिकटले होते. "परवा दुपारपासून हायेत. घासले, धुतले, जाऊन नाई राहिले. तुमी शिकले-सवरलेले मानूस. कायचे असन हे?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होते. मला उत्तर ठाऊक होते, आणि मी म्हणालो, "काही कल्पना नाही."

तेवढ्यात शिट्टी वाजली. आमच्या बॅचवर त्याच आठवड्यात नव्याने आलेल्या जीवरक्षक मनीषाताई काठावरून ओरडल्या, "अहो काका, टोपी कुठंय? टोपीशिवाय पाण्यात उतरायचं नाही! शास्त्रीकाका, सांगा तुमच्या मित्राला!" मी त्यांना 'असू द्या' म्हणून हात केला आणि परत वळलो. शेजारी कोणी नव्हते. पाणी हलतसुद्धा नव्हते. मनीषाताई म्हणाल्या, "गेले वाटतं रागावून." बदलायच्या खोलीत मी जाऊन पाहिले. फरशी कोरडी होती. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो: मनीषाताई तुळशीरामजींना कधीही भेटलेल्या नव्हत्या, आणि त्यांनी पाहिलेला मनुष्य त्यांनी मला नंतर वर्णन करून सांगितला. उंच, रुंद खांद्यांचा, उजव्या भुवईवर जुना व्रण असलेला. ते तुळशीरामजीच.

तसाच ओल्या केसांनी मी रिक्षा केली. टाकीमागची तिसरी गल्ली, शिलाई मशीनचे दुकान. दार त्यांच्या पत्नीने, कौसल्याबाईंनी उघडले. मी नाव सांगितले आणि मान खाली घालून म्हणालो, "फार वाईट झाले."

"होय जी, लय वाईट. पण जीव वाचला हेच बरं मानाचं," त्या म्हणाल्या. "या न गुरुजी, जागेच हायेत."

चौकट धरून मी आत गेलो.

ते खाटेवर होते. अर्धांगवायूचा झटका आला होता. तीन आठवडे रुग्णालयात काढून घरी आणले होते. उजवे अंग गेलेले, वाचा गेलेली. महिन्याभरात ते अंथरुणावरून उठले नव्हते. डोळे मात्र तेच. मला पाहून ते भरून आले.

कौसल्याबाई बोलत होत्या. "एक इचारू का जी? अवसेच्या दिवशी दुपारी यांची ही उजवी मूठ वळली. हालत नाई तो हात, अन् मूठ वळली! मी उघडून पाह्यली तं आत तीळ. घरात तर तीळ नाई, संक्रांतीचे कवाचेच संपले. तुमाले काई समजते का यातलं?"

दुसऱ्यांदा तोच प्रश्न, आणि दुसऱ्यांदा मी "नाही" म्हणालो.

त्या दिवशी मी तेथे जेवलो. पिठलं-भाकरी खाल्ली, त्यांच्या माठातले पाणी प्यालो. तुळशीरामजी खाटेवरून प्रत्येक घासाकडे पाहत होते. घरी येऊन मी प्रायश्चित्तासाठी ग्रंथ काढले. नियम मोडल्याचे प्रायश्चित्त सापडले. ते करावेसे वाटले नाही. जिवंत माणसाला मृताचे पाणी दिले तर काय करावे, ते मला कोठेच सापडले नाही.

पुढे चार वेळा गेलो. दर वेळी ठरवून जाई की आज सांगायचे. एकदा कौसल्याबाई दूध आणायला बाहेर गेल्या. आम्ही दोघेच पंधरा मिनिटे होतो. ते माझ्याकडे पाहत होते, वाट पाहिल्यासारखे. मी माझ्या गुडघ्यांविषयी बोललो.

दसऱ्यानंतर तीन दिवसांनी ते गेले. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला, तो येणारच होता. असेल. माझ्या तीन ओंजळींशी त्याचा काही संबंध होता का, हे मला ठाऊक नाही, आणि ते मला कोणी सांगू शकेल असेही वाटत नाही. मनीषाताईंनी काय पाहिले, तीळ कोठून आले, जो खाटेवर होता तो पाण्यात माझा हात कसा धरू शकला, यांपैकी कशाचेही उत्तर माझ्यापाशी नाही.

तेराव्याला कौसल्याबाईंनी मला बाजूला बोलावून विचारले, "गुरुजी, यांचं काई करायचं राहून तं नाई गेलं? तुमाले समजते यातलं." मी म्हणालो, "नाही. सर्व यथासांग झाले."

हा अंक हाती येईल त्या दिवशी मी तो घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांना वाचायची सवय नाही. पहिल्या ओळीपासून या ओळीपर्यंत मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवीन, आणि त्या उठा म्हणेपर्यंत तेथेच बसून राहीन.