बाजा वाजवायला दात लागतात का?

आयुष्यात मला तज्ज्ञ म्हणून एकदाच बोलावणं आलं, तेही वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी) या गावाहून. प्रश्न असा होता : तोंडात दात नसताना माऊथ ऑर्गन वाजवता येतो का?

बोलावणारा वसंता, पुण्यातला माझा खोलीतला सोबती. त्याचे वडील तरुणपणापासून बाजा (माऊथ ऑर्गन) वाजवत. दात पडले तसा त्यांनी बाजा ठेवून दिला, तो गंजला. आणि हळूहळू बोलणंही ठेवून दिलं. "तू चाल. तुह्यं ऐकतीन ते," वसंता म्हणाला. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात माझा बाजा खिशात घालून मी त्याच्याबरोबर निघालो.

वर्ध्याला रेल्वेतून उतरून आर्वीच्या एस.टी.त बसलो. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. मला स्वस्थ बसवेना, म्हणून बाजा बाहेर काढला. ती चूक झाली.

"हा फुकून वाजते का वढून?" शेजारच्या पागोटेवाल्यानं विचारलं.

"दोन्ही."

"शिकाले किती दिस लागते?"

"मी अजून शिकतोच आहे."

"म्हंजे येत नाई," त्यानं मागच्या बाकाला कळवलं.

मागच्या बाकानं विचारलं, "कोणी मांगला तं देता का?"

"नाही. उष्टा होतो."

या उत्तरावर मात्र अख्ख्या गाडीनं माना डोलावल्या. कंडक्टर म्हणाला, "पेटी काऊन नाई घेतली मंग? तिले तोंडच लावा लागत नाई." मी बाजा परत खिशात घातला.

वसंताचं घर एस.टी.च्या थांब्याला लागूनच. त्याचे वडील, म्हणजे काका, ओसरीवर बसले होते. मला पाहून ते तोंड मिटून हसले. जेवायला भाकर आणि पातोडी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा). माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते काकूंना कौतुकाचं वाटलं आणि त्यांनी आणखी रस्सा वाढला.

संध्याकाळी मी वाजवलं. मग समजावून सांगितलं, की दातांचं यात काही काम नाही. ओठ आणि श्वास, बस्स. "घ्या काका, बघा वाजवून."

काकांनी बाजा हातात घेतला, कुरवाळला आणि परत दिला. "तुमचं लय सफाईचं हाय. माह्या तोंडातून हवा सुटते. लोकं हासतीन." ते उठून आत गेले. वसंता माझ्याकडे औषध लागू न पडलेल्या डॉक्टरकडे बघावं तसा बघत राहिला.

सकाळी आंघोळ करून आलो तर माझा बाजा पेल्यांच्या रांगेत पालथा घातलेला. इतका तो दुकानातही चमकला नव्हता. काकूंनी राखेनं घासून बादलीत बुचकळून काढला होता.

"आज यायनं तोंडाले लावला तं?" नवऱ्याच्या खोलीकडे बोट करत काकू म्हणाल्या. "तुमचा उष्टा कसा देऊ यायले?"

मी फुंकलं. राख निघाली, सूर नाही. आतलं लाकूड फुगून पितळेच्या पट्ट्या अडकल्या होत्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनचा बाजा माझा! मला भयंकर राग आला. "छान निघालाय," मी म्हणालो. पाहुण्याला दुसरं काय म्हणता येतं?

दुपारपर्यंत तो उन्हात ठेवला. थोडा जीव आला, पण मधले काही सूर कायमचे गेले. एक चाल वाजवून पाहिली. दर दोन सुरांनंतर नुसतं फुस्स.

ओसरीवरून हसू आलं. काका हसत होते, तोंड पूर्ण उघडून.

"याचेही पडले काय? आना इकडं."

आणि ते वाजवू लागले. कुठे बाज्याची हवा सुटत होती आणि कुठे काकांची, ते मलाही कळेना. चाल मात्र थांबत नव्हती. काकू पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या त्या हलल्याच नाहीत. माझा राग कधी गेला, मला समजलं नाही.

निघताना मी म्हणालो, "पुण्यात दुरुस्त करून पाठवतो."

काकांनी बाजा छातीशी धरला. "नोका करू. दुरुस्त झाला तं मले पुन्हा लाज वाटन."

परतीच्या एस.टी.त बसलो तेव्हा माझा खिसा रिकामा होता आणि मला कसलंच वाईट वाटत नव्हतं. गाडी सुटेपर्यंत ओसरीवरून चाल ऐकू येत होती, गाळलेल्या जागांसकट. शेजारच्या माणसानं कान दिला.

"बाजा बिघडला हाय का वाजवनारा?"

"दोन्ही," मी म्हणालो. "म्हणूनच तर वाजतोय."