पहिल्या षटकाचा भाव

ही घटना आठवायला मला ठाण्याची डायरी चाळावी लागत नाही. त्या डायरीत तिची नोंदच नाही आणि तो दोष माझा.

साठचे दशक नुकते लागले होते. मी अकोल्यात नवा फौजदार. दर हिवाळ्यात अकोला आणि अमरावतीच्या संघांत क्रिकेटचा सामना होई. मैदानात काथ्याची चटई ताणून, कडेने खिळे ठोकून खेळपट्टी तयार करीत. अकोल्याकडे तेव्हा एक डावखुरा गोलंदाज होता. जिनिंगमध्ये कापसाची ओझी वाहणारा, नुकत्याच बौद्ध झालेल्या घरातला, वय बावीस-तेवीस. नवा चेंडू त्याच्या हातात असला की अमरावतीचे पहिले फलंदाज पॅड बांधतानाच गप्प होत.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता सामना समितीचे उपाध्यक्ष ठाण्यात आले. शहरातले एकही उद्घाटन त्यांच्यावाचून पार पडत नसे. आवाज उतरवून म्हणाले, "फौजदारसाहेब, आमचा गोलंदाज फुटलाय. उद्या मुद्दाम वाईट टाकायचे पैसे घेतलेत त्याने. शहराच्या अब्रूचा प्रश्न आहे."

शहराची अब्रू म्हटले की त्या काळी मी ताठ बसत असे. आता खिसा चाचपतो.

पाच वाजता शिपाई त्याला घेऊन आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले कॅनव्हासचे बूट होते, त्यांचा पांढरा रंग अजून ओला होता.

"पैसे कुठे ठेवलेस?"

"कोनते पैसे, साहेब?"

"आम्हाला सगळं ठाऊक आहे."

"मंग मले काहून विचारून राहिले?"

हवालदार तोंड फिरवून हसला. हवालदार मूर्तिजापूरचा, नोकरीत मुरलेला. मी टेबलावर हात आपटला. मग तो गोलंदाज हळू बोलला, "साहेब, उद्या रेल्वेचे साहेब मले पाह्याले येऊन राहिले. खेळाडूची एकच जागा हाये. सकाळी सोडा मले. दहाले नाणेफेक हाये."

संशयित अशाच कथा रचतात, असे मला प्रशिक्षणात शिकवले होते. खऱ्या कथाही अशाच असतात, हे शिकवले नव्हते. 'चौकशीसाठी बसवून ठेवणे' ही आमची जुनी रीत. अटक नाही, म्हणून नोंद नाही. मी हवालदाराला सांगितले, "माझ्या हुकुमाशिवाय सोडायचा नाही."

सकाळी सोडू, असा माझा विचार होता. पण पहाटेच निरोप आला की सामन्याच्या उद्घाटनाला एक मोठे पाहुणे येणार, बंदोबस्ताला हजर राहा. पाहुणे तासभर उशिरा आले आणि खिलाडूवृत्तीवर तासभर बोलले. उपाध्यक्षांनी दोनदा टाळ्या सुरू केल्या. पहिले षटक एका राखीव खेळाडूने टाकले आणि अमरावतीकरांनी त्याला झोडपून काढले. रेल्वेचे साहेब उपाहारापर्यंत थांबले, मग घड्याळ पाहून उठले. मी ठाण्यात पोचलो तेव्हा एक वाजला होता. गोलंदाज बाकावर बसला होता. पायांत बूट होते, नाड्या बांधलेल्या.

तो गेल्यावर हवालदार म्हणाला, "साहेब, एक सांगू? कापूस बाजारात भाव काल बारालेच फिरला होता."

"कसला भाव?"

"सामन्याचा."

कापसाचा सट्टा खेळवणारा एक बुकी सामन्यांवरही पैसे घेई. त्याला आणवले. तो निवांत बसला, चहा मागून प्याला.

"टीमच्या नावावर कोन भाव काढते, साहेब? पहिली ओवर कोन टाकते, ते पाह्याचं. तो पोरगा असला त अकोल्यावरच्या रुपयाले आठ आने नफा. नसला त रुपयाले तीन रुपये."

"मी त्याला पाचला बोलावलं. तुला बाराला कसं कळलं?"

"मले निरोप होता. उद्या तो ठान्यात बसून राहील."

"कोणाचा?"

"ज्यानं तुमाले खबर देली, त्याचाच. त्यायनं भाव फिराच्या आधीच अमरावतीवर लावले होते."

"आणि पोलिसांनी त्याला सोडलं असतं तर?"

तो पहिल्यांदाच हसला. "पोलिसावर भाव नसते, साहेब. ते त पक्कं असते."

एवढी नेमकी साक्ष मला पुढे क्वचितच मिळाली. पण तो तिच्यावर सही करीना. जुगार कायद्याखाली त्याला दंड झाला, त्याने तो तिथल्या तिथे भरला. उपाध्यक्ष पुढच्या वर्षी अध्यक्ष झाले. मी वरिष्ठांना लेखी कळवले की खेळाडू निर्दोष आहे आणि त्याला विनानोंद मी अडकवून ठेवले. माझ्या सेवापुस्तकात ठपका आला. रेल्वेलाही पत्र घातले. उत्तर सभ्य होते, जागा भरली होती.

त्यानंतर खबर देणारा ठाण्यात आला की त्याची वेळ मी आधी लिहून घेई, मग त्याचे म्हणणे. खबर खरी की खोटी, हा नंतरचा प्रश्न. तिने कोणाचा भाव फिरतो, हा पहिला.

पुढच्या हिवाळ्यात त्याच मैदानावर माझा बंदोबस्त होता. तो गोलंदाज जिनिंगमध्येच होता. नाणेफेकीपूर्वी पावले मोजून त्याने खूण केली, मग मला पाहून सीमारेषेपाशी आला.

"साहेब, आज ठान्यात काही काम नाही ना माह्यं?"

टोमणा असता तर बरे वाटले असते. तो खरेच विचारत होता.