चिठ्ठी न निघालेल्यांच्या घरी

पाहणीवाल्या ताईंचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. गरीब घरातल्या तरुण-प्रौढांना फुकट काम शिकवणारे वर्ग चालत, त्यांचा खरंच उपयोग होतो का हे तपासायचं, ही त्यांची नोकरी. जागा थोड्या आणि अर्ज उदंड, म्हणून चिठ्ठ्या टाकत. ज्यांची निघाली ते शिकत. ज्यांची निघाली नाही त्यांच्याही घरी ताई अधूनमधून जात आणि तेच विचारत : सध्या काय करता, भागतं का? दोन्ही गटांत जो फरक दिसेल, ते वर्गाचं यश. बाकीच्या पाहणीवाल्यांची माणसं दोन खेपांत कंटाळून दार लावून घेत, ताईंचं एकही सुटत नसे. नवरा म्हणायचा, "तुझ्या तावडीतून कुणी सुटला तर कळव, सत्कार करू त्याचा."

इस्त्रीवाली अशीच, चिठ्ठी न निघालेली. लाँड्रीच्या मागच्या खोलीत दिवसभर चादरींशी झटायची, एकटीच राहायची. रुग्णसेवेच्या वर्गावर तिचा भारी जीव. ताई आल्या की खुर्चीवरचे कपडे उचलायची, पंखा त्यांच्याकडे वळवायची. दुसऱ्याच खेपेला तिने विचारलं, "ताई, माझा नंबर कधी लागेल हो?"

नंबर लागणारच नव्हता. चिठ्ठ्या एकदाच टाकतात. ताई म्हणाल्या, "बघू."

आता हे काही तोंडातून चुकून निसटलं नव्हतं, उगाच त्यांची बाजू कशाला घ्या. आशेवर असलेलं माणूस दार उघडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटच्या खेपेला इस्त्रीवाली सहज बोलून गेली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला मदतनीस म्हणून बोलावलं होतं, सगळं शिकवणारही होत्या. "मी नाही म्हटलं. तिकडे अडकले आणि तुमचं बोलावणं आलं तर? तुम्ही काय उगाच एवढ्या खेपा घालताय?" ती जागा केव्हाच दुसऱ्या कुणाला मिळाली होती.

ताईंनी तरीही नेहमीचे प्रश्न विचारले, उत्तरं घेतली आणि निघाल्या.

ऑफिसात आनंदीआनंद होता. शिकलेले पुढे गेले होते, न शिकलेले होते तिथेच होते. साहेब खूश. इस्त्रीवालीला तिथल्या तिथे कुणी बसवून ठेवलं, हे ताईंनी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "एका बाईने काय फरक पडतो हो?" ताई मात्र आठवत बसल्या, आपण "बघू" आणखी किती जणांना म्हटलं. आठवेना. जेवण जाईना. स्वतःची एवढी शरम त्यांना कधी वाटली नव्हती.

सुट्टीच्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. कामाचं निमित्त नव्हतं. इस्त्रीवालीने पंखा वळवला. ताईंनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"म्हणजे नंबर नव्हताच?"

"नव्हता. पहिल्यापासून नव्हता."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू परत घरात घेतलं नसतंस मला."

इस्त्रीवालीला राग आला असता तर ताईंना बरं वाटलं असतं.

"घेतलं असतं की," ती म्हणाली. "माझ्याकडे दुसरं येतं कोण?"